दिनकररावांचा परतीचा फटका

"सूनबाई, त्याच्याकडं काई फेकू नको बरं! आलेलं परत मारायची खोड हाय त्याला!"

सासूबाईंनी, कस्तुराबाईंनी, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. लीला नुसती हसली. कॉलेजात शिकलेली मुलगी असलं काही मनावर घेते होय!

लीलाचे यजमान दिनकरराव पूर्वी हैदराबादेत एका क्लबात पगारी टेनिसपटू होते. भल्याभल्या साहेबलोकांना त्यांनी घामाघूम केलं. मग गुडघा गेला, पाठोपाठ नोकरी गेली आणि ते पाथरीला ड्रिलमास्तर झाले. हात मात्र अजून क्लबातच होता!

आता लीलाच्या धाकट्या बहिणीचं, अनसूयेचं लग्न निघालं. नवरामुलगा किशनराव गुणी. पण त्याचे वडील व्यंकटराव, तहसिलीतले पेशकार, म्हणजे चुलीशेजारी ठेवलेली बंदुकीची दारू! लग्नाच्या दिवशी सकाळी चहा पांचट म्हणून आणि दुपारी चादर मळकी म्हणून 'वऱ्हाड माघारी नेतो' असं म्हणून झालं होतं. अनसूयेचं तोंड एवढंसं!

लीलाने चोख बंदोबस्त केला. नवऱ्याच्या हाती ताडाचा पंखा दिला. "अहो, व्याह्यांना वारा घाला. बाकी कशाला हात लावू नका!"

मंगलाष्टकं सुरू झाली. व्यंकटराव मुलाच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे बाळाला कडेवर घेतलेली लीला. अंतरपाटापलीकडे अनसूया, आणि तिच्यामागे पंखा घेतलेले दिनकरराव.

"सुपारी कुठाय?" पलीकडून भटजी ओरडले. "मुहूर्त चालला!"

सुपारी लीलाच्या मुठीत होती! नुकतीच बाळाच्या तोंडातून काढलेली. गर्दीतून वाट मिळेना.

"अहो, धरा!" म्हणत तिने सुपारी भिरकावली.

मध्ये ताणलेलं कापड, समोरून येणारी गोल वस्तू... दिनकररावांचा गुडघा वाकला, पंखा फिरला.

फटाक्! सुपारी अंतरपाटावरून सणसणत आली आणि व्यंकटरावांची रुमी टोपी गोंड्यासकट पन्ह्याच्या पातेल्यात!

"मुलीकडचे मारायलेत!" वराचा मामा चंद्रभान ओरडला आणि त्याने लाडू फेकला. लाडू परत आला. दुसरा फेकला. तोही आला! मग पेढे, पानाचे विडे, कुणाचा तरी जोडा. सगळं परत, आणि ज्याचं त्यालाच!

"चला! वऱ्हाड माघारी!" व्यंकटराव गरजले.

अनसूयेने रडवेल्या डोळ्यांनी अंतरपाटावरून डोकावलं. किशनराव हसून हसून लाल झाला होता.

"मी न्हाई येत, बाबा! असा साडू पुन्हा कुठं मिळायचा?"

भटजींनी ती संधी साधली. सुपारीबिपारी विसरून अंतरपाट ओढला, माळा पडल्या, लग्न लागलं!

व्यंकटरावांनी ओल्या टोपीला बोट लावून चाखलं. "पन्ह्यात गूळ कमी हाय," ते म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले.

तेव्हापासून लीला नवऱ्याला किल्लीसुद्धा चालत जाऊन हातात देते. आत्ता मात्र तिचे दोन्ही हात पुरणात आहेत. बाळ ओसरीवर दिनकररावांपाशी आहे, आणि बाळ कालपासून हातातलं भिरकावायला शिकलंय. वाचकहो, तुम्ही मोकळेच आहात, तर जरा ओसरीवर डोकावता का? दिनकररावांच्या हातात पंखा नाही ना, तेवढं बघा!