नको ते पुसा

लोकशाहीत नेता घडत नसतो, तो कापून काढावा लागतो. पूर्वी हे काम कात्रीने होत असे. आता ते ब्राउझरमध्ये होतं, फुकट होतं, आणि वर ‘नोंदणीची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं (मतदाराला नोंदणी लागते, नेत्याला नाही).

आसाराम हा वडवणीत सुंदररावांचा प्रसिद्धीप्रमुख होता. सुंदरराव म्हणजे जिल्हा परिषदेचे माजी सदस्य आणि भावी सदस्य (मधल्या काळात ते कोण होते, याचा खुलासा एकाही बॅनरवर नाही). साहेबांना उन्हाचा त्रास होता, धुळीचा होता आणि माणसांचाही थोडा होता. अशा प्रकृतीच्या नेत्याला तालुकाभर फिरवायचं म्हणजे आसारामचा जीव मेटाकुटीला येई. तेवढ्यात त्याला ती साइट सापडली. फोटो टाकला की मागचं सगळं नाहीसं करून ती माणूस तेवढा ठेवायची.

आसारामने साहेबांचा पुतणीच्या लग्नातला, हात जोडून उभे असतानाचा फोटो निवडला, आणि त्या एका नमस्काराच्या जोरावर साहेब सगळीकडे जाऊ लागले. नारायणगडाच्या यात्रेत ते भाविकांना भेटले. धारूरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी झाड लावलं. अतिवृष्टीत झोपलेल्या कापसाची त्यांनी बांधावरून पाहणी केली, तीही जरीचा फेटा बांधून आणि पांढऱ्या बुटांना चिखलाचा ठिपका लागू न देता. एकदा तर एकाच सकाळी ते दोन अंत्यविधींना हजर होते, आणि दोन्हीकडे किंचित हसत होते. कुणी हरकत घेतली नाही. उलट साहेब हल्ली लई फिरायलेत, असं लोक कौतुकाने बोलू लागले. साहेब घरी बंगईवर झोके घेत ते ऐकत आणि थकल्यासारखे दिसत.

आसारामचं स्वतःचं गाव कुसळवाडी. गावाच्या अलीकडे ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलाच्या मधोमध दोन पावसाळ्यांपूर्वी पडलेलं खिंडार. गावात त्याची आई सुभद्राबाई आणि शेळ्या राखणारा थोरला भाऊ हरिबा राहत. उन्हाळ्यात साहेब एकदा खरोखरच तिकडे गेले (फाट्यापर्यंत) आणि भाषण केलं. मागून लोक ओरडत होते, पूल कधी, पूल कधी. त्यात सगळ्यात मोठा आवाज हरिबाचा होता. ते भाषण आसारामने आवाज साफ करणाऱ्या दुसऱ्या फुकट साइटवर टाकलं. तिने साहेबांचा खोकला काढला, वारा काढला, शेळ्या काढल्या आणि गावही काढून टाकलं. यात साइटचा दोष नाही. लांबून येणारा आवाज म्हणजे गोंगाट, हे तिचं मत कित्येक कार्यालयांच्या अनुभवाशी जुळणारं आहे. हरिबाचा आवाज बारीक होत नाहीसा झाला तेव्हा आसारामला जरा कसंतरी झालं. पण धर्माच्या गायीचे दात कोण मोजतो?

पुढे साहेबांना पुलावर उभं असल्याचा फोटो हवासा वाटला. फोटोच्या पहिल्या साइटवर ‘नको ते पुसा’ अशी सोय होती. खिंडारावर बोट फिरवलं, की आजूबाजूचं सिमेंट पाहून ती मध्येही तसंच सिमेंट भरायची. प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि फेरअंदाजपत्रक यांत दोन पावसाळे अडकलेलं काम आसारामच्या अंगठ्याने चहा निवायच्या आत पुरं केलं. वर ‘दिलेला शब्द पाळला’ असं लिहून फोटो तालुकाभर गेला. हरिबाने फोन करून विचारलं, की पूल झाल्याचं गावाला कुणी कळवलं कसं नाही. आसाराम म्हणाला, प्रचारापुरता हाय, मागून खरा बी होईल. मग त्याने तो फोटो इतक्या जणांना इतक्या वेळा पाठवला, की पुढेपुढे त्याला स्वतःलाच खिंडार आठवेनासं झालं.

श्रावणात सुभद्राबाईला ताप भरला. आई उठत नाही, बाजेवर घालून ओढ्यापर्यंत आणतो, तू गाडी घेऊन ये, असा हरिबाचा निरोप आला. आसारामने भारतची जीप सांगितली. भारत वडवणी-धारूर रस्त्यावर प्रवासी वाहायचा, सावध माणूस. ओढ्यापाशी आले तेव्हा पुलावरून गढूळ पाणी चाललं होतं. भारतने जीप थांबवली.

“पूल झाला न्हवं?” त्याने विचारलं. “म्या फोटू पाह्यलाय, पर म्हणलं इचारावं.”

“झालाय की,” आसाराम म्हणाला. “घाल गाडी.”

तो खोटं बोलला नाही, हे येथे नमूद करणं आवश्यक आहे. त्याला खरंच तसं वाटत होतं. पलीकडच्या काठावर हरिबा दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होता. पाण्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून आसारामनेही प्रेमाने हात हलवला. पुढची चाकं खिंडारात गेली तेव्हा त्याला सगळं एकदम आठवलं.

जीप नाकावर उभी राहिली. भारत मागच्या बाजूने सुखरूप बाहेर आला. आसारामचा पाय नडगीत मोडला. गावकऱ्यांनी त्याला ओढून पलीकडच्या काठावर आणलं, तेव्हा सुभद्राबाई बाजेवर उठून बसली होती. तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी तिने आधी जीपकडे पाहिलं, मग लेकाकडे.

“तू फोटुतून माणसं काढतूस म्हणं,” ती म्हणाली. “मला न्यायला आलतास, आन् तुलाच काढावं लागलं बग.”

मग ती उतरली आणि तिने बाजेवर लेकाला घालायला लावलं. वरच्या अंगाला ओढा उथळ होता, तिथून चौघांनी बाज रस्त्याच्या काठाला नेली. मागून हरिबाच्या पाठीवर बसून आजारी आई आली. वाटभर आसारामने तोंडावर उपरणं ओढून घेतलं होतं. ते पावसामुळे असावं.

दवाखान्यात मायलेकांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. ताप उतरेपर्यंत सुभद्राबाई त्याच्याशी बोलली नाही. उतरल्यावर एवढंच म्हणाली, “आता खरा फोटू टाक, आसाराम.”

हरिबाने काठावरून फोटो काढलाच होता. त्यात खिंडार होतं, त्यात तोंड घातलेली जीप होती आणि काठावर रिकामी बाज होती. आसारामने तो कुठल्याही साइटवर न नेता, काही न पुसता, जसाच्या तसा टाकला. खाली लिहिलं, कुसळवाडीचा पूल झालेला नाही. पद गेलं तर जावो, असं म्हणून त्याने डोळे मिटून बोट दाबलं, आणि त्याला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

उठेपर्यंत जनतेने फोटोची छाननी पूर्ण केली होती. एका गुरुजींनी सावल्या जुळत नसल्याचं सप्रमाण दाखवून दिलं. एकाने ओढा दुसऱ्या जिल्ह्यातला असल्याचं ओळखलं. बहुतेकांनी साहेबांचा पुलावरचा फोटो पुरावा म्हणून खाली जोडला. भारतने ‘जीप माझी आहे’ असं लिहिलं, तेव्हा तू कुणाचा माणूस, असं त्याला विचारण्यात आलं.

संध्याकाळी सुंदररावांचा फोन आला. विरोधकांनी खोटा फोटो पसरवलाय, पडल्यापडल्या त्याला उत्तर दे, असं त्यांचं म्हणणं होतं.

“सायेब, त्यो म्याच टाकलाय,” आसाराम म्हणाला.



“कंच्या साइटवर केलास बे?” साहेबांनी विचारलं. “लई नैसर्गिक आलाय.”

आसारामने पद सोडलं, ते त्याच आठवड्यात भरलं गेलं. कुसळवाडी अजून ओढ्याच्या वरच्या अंगानेच येते-जाते.

आपण सुज्ञ वाचक आहात, आणि असल्या फोटोंना आपण फसत नाही, अशी आपली खात्रीच असेल. तथापि दोन्ही फोटो आपल्याही फोनवर आले होते. दुसऱ्याच्या खाली आपण ‘एडिट केलेला आहे’ असं लिहिलंत. पहिला नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढे पाठवलात, हात जोडल्याच्या तीन चित्रांसह.