मैमुनाबी गोड बोलते तेव्हा

पोटच्या पोराने आईला तोंड सांभाळायला सांगावं, ही गोष्ट मैमुनाबीच्या जिव्हारी लागली होती. दाभोळच्या मोहल्ल्यात तिच्या तोंडाला भिऊन मासेवाल्या ताजी मासळी वर काढत आणि लग्नातले आचारी तूप घालताना हात आखडता घेत नसत. ते तोंड विमानाने सौदीतल्या बुरैद्याला आणवून शारीक आता म्हणत होता, “अम्मी, आजचा एक दिवस. कुठं खोट काढू नको. दिसेल त्याला चांगलं म्हण.”

“आणि चांगलं नसलं तर?”

“तरी म्हण.”

कारण तसं गंभीर होतं. शारीकचा कफील, म्हणजे त्याला इथे नोकरीला आणणारा मालक, शेख नासेर आपल्या खजुराच्या बागेत परदेशी पाहुण्यांसाठी मुक्काम उघडत होता. तंबू, कहवा, उंटावरची रपेट; सगळी व्यवस्था शारीककडे. शनिवारी जर्मन पाहुण्यांची पहिली तुकडी यायची होती. ती खूश होऊन गेली तर शारीकचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार. नाहीतर खलास, गाशा गुंडाळून दाभोळ. आणि नेमकं याच आठवड्यात शेखच्या आईने, उम्म नासेरने, शारीकच्या घरच्यांना बागेत जेवायला बोलावलं होतं.

पुरुष बाहेरच्या बैठकीत बसले, बायका आत. दुभाषी म्हणून सून इस्मत. ती इथल्या इस्पितळात नर्स, त्यामुळे अरबी तिच्या जिभेवर.

मैमुनाबीने दिलेला शब्द पाळला. कहवा तिला काढ्यासारखा लागला, पण ती म्हणाली, “किटली मात्र सुरेख हाय.” उम्म नासेरने किटली रिकामी करवली, पुसून घेतली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. बाई मनाने मोठी आहे, असं मैमुनाबीला वाटलं. मग तिने गालिच्याचं कौतुक केलं. गालिचा गुंडाळून गाडीत गेला.

इस्मतने कोपराने ढोसलं. “अम्मी, आता पुरे.”

“का गो? मला मिळतंय म्हणून तुझ्या पोटात दुखतंय?”

सासूला समजावण्यात जन्म घालवायचा नाही, हे इस्मतने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं.

निघताना अंगणात पांढरी उंटीण उभी दिसली. लुलुवा तिचं नाव. मैमुनाबीला ती अजिबात आवडली नाही. खालचा ओठ लोंबता आणि नजर थेट थोरल्या नणंदेची. पण शब्द म्हणजे शब्द. “काय देखणी हाय,” ती म्हणाली, “असं जनावर दारात असावं.” इस्मतने याचं भाषांतर केलं नाही. मैमुनाबीने हातवारेच असे केले की गरज उरली नाही.

संध्याकाळी लुलुवा पिकअपमधून शारीकच्या दारात उतरली.

“अम्मी,” शारीक पायरीवर बसत म्हणाला, “पाहुण्याने वस्तू वाखाणली की देऊन टाकायची, अशी हितली जुनी रीत हाय.”

“मग आधी सांगायचंस.”

“तू कशाला वाखाणशील, हे मला काय ठाऊक? जन्मात कधी वाखाणलं नायस.”

लुलुवाचा फोटो मुक्कामाच्या प्रत्येक पाटीवर होता. बागेत दुसरा उंट होता, पण तो चावरा. लुलुवाला परत न्यावं तर शेखच्या घराण्याचा अपमान. निदान शनिवारपुरती घेऊन येतो, असं शारीकने म्हणून बघितलं, तर शेखचा चेहरा उतरला. “दिलेली भेट मी उसनी मागू? लोक काय म्हणतील?”

तोवर लुलुवाने शेजाऱ्यांचा मोगरा मुळापर्यंत खाल्ला आणि गल्लीत अशी बैठक मारली की कुणाची गाडी हलेना. घरमालक येऊन निर्वाणीचं सांगून गेला: उंट तरी जाईल, नाहीतर तुम्ही तरी जाल. शारीक जेवेनासा झाला. पोराचं उतरलेलं तोंड बघून मैमुनाबीने शुक्रवारी सकाळी सुनेला हाक मारली.

“इस्मत, त्या म्हातारीला चहाला बोलव. आणि मी बोलेन ते जसंच्या तसं सांगायचं. साखर घालायची नाय.”

“शब्दाला शब्द?”

“शब्दाला शब्द.”

सासूचं बोलणं आजवर एकटीने ऐकलेल्या इस्मतने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि लगेच फोन लावला.

उम्म नासेर काठी टेकत आली. मैमुनाबीने तिला सांदणं वाढली, चहा दिला आणि मग खिडकीकडे बोट केलं.

“बाय, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? हे काय जनावर म्हणायचं? मान बघा, वाळवी लागलेला वासा. चाल बघा, पोतं घरंगळल्यागत. डोळ्यांत तर माया म्हणून नाय. आमच्या गावात असली म्हैस कुणी गोठ्यात घेतली नसती.”

इस्मतने एक शब्द गाळला नाही. मानेच्या जागी तर तिने हाताने करूनही दाखवलं. आतल्या खोलीत दाराआड शारीकने कपाळाला हात लावला.

उम्म नासेरचा पेला ओठांशीच थांबला. ती उठली, अंगणात गेली, लुलुवाच्या मानेवर हात ठेवून बोलू लागली, आणि इस्मत मागोमाग सांगत राहिली. “वाळवी लागलेला वासा? अख्ख्या कसीम प्रांतात अशी मान दाखवा. या पापण्या बघा. हिच्या आईने शर्यती जिंकल्यात. अशी उंटीण माझ्या डोळ्यांनी दुसरी पाहिली नाही.”

“एवढी आवडते तुम्हांला?” मैमुनाबीने शांतपणे विचारलं.

“कुणाला आवडणार नाही?”

“मग न्या. आता तुमची.”

म्हातारीनेही जन्मभर घर चालवलं होतं. आपलीच रीत आपल्यावर उलटवली, हे तिला समजायला वेळ लागला नाही. तिने पिकअप बोलावली आणि जाताना इस्मतचा हात धरून हळूच काही पुटपुटली.

“काय म्हणाली गो?”

“म्हणाली, अल्ला तुला सबर देवो.”

“मला?”

“नाय अम्मी. मला.”

गल्ली मोकळी झाली. शारीक किती दिवसांनी पोटभर जेवला, आणि हात धुता धुता म्हणाला, “अम्मी, उद्या जर्मन येतील. तू पण चल बागेत. फक्त तिथं जरा...”

मैमुनाबीने गालिच्यावर बसूनच नव्या किटलीतला चहा ओतला. पेला त्याच्यापुढे सरकवला.

“शारीक, तुझ्या सांगण्यावरून जन्मात एकदा गोड बोलले, तर दारात उंट बांधावा लागला. कडू बोलले तेव्हा तुझी नोकरी राहिली. तुझा इकामा माझ्या तोंडावर चाललाय, बाबा. तू आपलं सांभाळ, माझं राहू दे.”