वाफेचा नियम

रूबीमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते लंडनमधल्या हाउन्सलोच्या बसमध्ये. बस मध्येच थांबलेली, ड्रायव्हर काचेमागून ओरडतोय आणि सत्तरीची एक ठेंगणी बाई सीटवर बसून शांतपणे तोंडातून पांढरे ढग सोडतेय. हातात एक नळी, तिच्या टोकाला नारिंगी दिवा.

"नो स्मोकिंग, मॅडम!"

"इट इज नॉट स्मोक, इट इज स्टीम," मावशी म्हणाल्या. मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा स्वरात, चक्क मराठीत, "चहाच्या कपातून निघते ती वाफ. चहावर बंदी आहे? कुठं लिहिलंय? दाखव!"

मी हसलो आणि पकडला गेलो. "मराठी काय रे तू? मग तिथे काय बसलायस? इकडे ये, सांग त्याला."

मी काही सांगितलं नाही. दोघांनाही बसमधून उतरवलं. उरलेला रस्ता चालताना कळलं की आम्ही एकाच गल्लीत राहतो. त्या चौदा नंबरला, मी सोळाला.

मावशी मूळच्या भायखळ्याच्या, बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. लग्न करून इकडे आल्या आणि तीस वर्षं विमानातल्या जेवणाचे ट्रे भरणाऱ्या कारखान्यात उभ्या राहिल्या. "जगातल्या निम्म्या लोकांना मीठ-मिरी मी दिलीय," म्हणायच्या. नवरा गेलेला. मुलगा डेव्हिड हॅरोला. त्याला मराठी येत नाही, आणि मावशींचं इंग्रजी भांडणापुरतं. ती नळीही त्यानेच आणून दिली होती. आईच्या सिगारेटचा वास नातवंडांच्या कपड्यांना लागतो, म्हणून. नळी घेतल्यावर तरी नातवंडं जास्त वेळा येतील असं मावशींना वाटलं होतं. ती आली नाहीत.

मावशींना ठाण्याला जायचं होतं. तिथे त्यांची धाकटी बहीण सेगुला आजारी होती. अडचण एकच: विमानात ही नळी चालते का?

आज हे कोणालाही विचारा, एका दमात सांगेल. तेव्हा नव्हतं तसं. पबमध्ये सिगारेट बंद होऊन दोनएक वर्षं झाली होती आणि या इलेक्ट्रिक सिगारेटचं काय करायचं, हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. मावशी रोज एका विमान कंपनीला फोन लावायच्या आणि मिळालेलं उत्तर वहीत उतरवायच्या. संध्याकाळी मी कामावरून आलो की दारातच गाठायच्या.

"आजचा ऐक. म्हणतो, मोठ्या बॅगेत टाका. कालची म्हणाली, मोठ्या बॅगेत मुळीच नको, बॅटरी पेटते. मी म्हटलं, बाई, पेटणारच असेल तर माझ्या पर्समध्ये का पेटू देऊ?"

दुसऱ्या दिवशी: "आज एक पोरगी भेटली. म्हणाली, मॅडम, इज इट लोडेड? म्हटलं, नळी आहे, बंदूक नाही."

तिसऱ्या दिवशी: "नळीतल्या औषधाचं विचारलं, तर म्हणाला, शंभर मिलिलिटरच्या आत, पारदर्शक पिशवीत. म्हटलं, बाबा, त्यात चार थेंब आहेत. तर म्हणाला, चार थेंबांनाही पिशवी लागेल."

प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायच्या. त्या लोडेडवाल्या पोरीचा तर असा, की मी जिना चढताना एकटाच हसत होतो.

पण महिने गेले आणि माझं हसू आटलं. ठाण्याहून भाचीचे, लिलीचे, फोन येत होते. सेगुलाला पक्षाघात झाला होता, अंथरुणावरून उठता येत नव्हतं. आणि ही बाई एका नळीसाठी अडून बसलेली. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मला रजा मिळाली नव्हती. खरं सांगायचं तर मी जोर लावून मागितलीच नव्हती. त्यामुळे दुसऱ्याने उशीर केलेला मला फार लवकर दिसायचा.

एकदा स्पष्टच म्हणालो, "मावशी, नळी घरी ठेवा आणि जा."

"नऊ तास काय चघळू?"

"मग खिशात टाकून जा. कोण बघतंय?"

"आणि पकडलं तर? नियम काय, कुठं लिहिलंय, दाखव."

ते मी मनावर घेतलं. ऑफिसातून एका विमान कंपनीला सविस्तर ईमेल लिहिलं. उत्तर आलं नाही, पुन्हा लिहिलं. तिसऱ्या वेळी साहेबी थाटाची तक्रार केली, तेव्हा उत्तर आलं, खाली अधिकाऱ्याच्या नावासकट. इलेक्ट्रिक सिगारेट हातातल्या बॅगेतच न्यावी. बॅटरी काढून ठेवावी. द्रव पारदर्शक पिशवीत. विमानात ओढू नये, चार्जही करू नये.

शनिवारी सकाळी छापील कागद घेऊन गेलो. लढाई जिंकल्यासारखा त्यांच्यापुढे धरला. "हे घ्या. इथं लिहिलंय."

मावशींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मला वाटलं होतं, मिठी मारतील. त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाल्या, "बरं झालं हो." मला कधी अहोजाहो करत नसत. चहासुद्धा विचारला नाही.

तिकीट त्यांनी काढलं नाही. पुढच्या गुरुवारी सेगुला गेली. त्यांच्यात दफन लगेच करतात. मावशींना कळलं तेव्हा सगळं आटोपत आलं होतं.

शुक्रवारी भेटायला गेलो आणि जे बोलायचं नव्हतं तेच बोललो. "कागद तर आणून दिला होता मी. आठवडा होता हातात."

मावशींनी दार हळूच लावून घेतलं.

मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात सात दिवस घरात खाली बसतात आणि लोक भेटायला येतात. डेव्हिड एक दिवस सँडविचेस घेऊन आला आणि लगेच कामावर निघून गेला. बाकी कोण येणार? रविवारी सकाळी मला राहवेना. मुगाची खिचडी घेऊन गेलो. मावशी बुटक्या स्टुलावर एकट्याच बसल्या होत्या. मी समोर जमिनीवर बसलो आणि माफी मागितली.

"अकरा वाजले का रे?" त्यांनी विचारलं.

"वाजतील आता."

"रविवारी अकराला मी तिला फोन करायचे. तीस वर्षं. पक्षाघाताने तिची वाचा गेली, तरी करत होते. लिली फोन तिच्या कानाला लावायची. मी एकटीच काय बोलणार? जेवलीस का, म्हटलं तर उत्तर नाही. मग एकदा त्या विमानवाल्याचं सांगितलं, बॅटरी पेटते ते. तर ही हसली. नुसता घशातून आवाज, पण लिली म्हणाली, मावशी, हसतेय, डोळ्यांतून पाणी येतंय. सहा महिन्यांत पहिल्यांदा." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मग मी रोज एका विमानवाल्याला फोन करायला लागले. आठवडाभर गोळा करायचं आणि रविवारी तिला सांगायचं. मी तिथे गेले असते तर दोघी एकमेकींकडे बघून रडलो असतो. फोनवर ती हसायची."

मी विचारलं, "मग गेल्या रविवारी? माझा कागद?"

"तो नाही वाचून दाखवला. तिला सांगितलं, सेगुला, अजून कोणालाच काही माहीत नाही बघ. मी विचारतेय. पुढच्या रविवारी सांगते."