रवा आणि गोंदण

आमच्या कर्जतात कुणाच्या घरी लग्नाचा अल्बम आला, की तो आबासाहेबांना दाखवू नये असा अलिखित नियम आहे. आबासाहेब नवरीकडे बघत नाहीत, नवरदेवाकडे बघत नाहीत, अंगभर दागिने घालून उभ्या राहिलेल्या विहीणबाईंकडे तर नाहीच नाही. ते खिशातून भिंग काढतात, मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर नाहीतर नवरदेवाच्या काळ्या कोटावर टेकवतात आणि बऱ्याच वेळाने म्हणतात, "रवा लई पडलाय."

आमच्या शेजारणीने हे ऐकून मुलाचा लग्नातला कोट कपाटातून काढला, अंगणात नेऊन खसाखसा झटकला आणि आचाऱ्याला फोन करून उपम्यावरून त्याची चांगली खरडपट्टी काढली. आचारी बिचारा सांगत राहिला की त्या लग्नात उपमा नव्हताच, पोहे होते.

रवा म्हणजे फोटोतला रवा. कमी उजेडात काढलेला फोटो मोठा करून पाहिला, की जिथे नुसता अंधार किंवा गुळगुळीत गाल दिसायला हवा तिथे बारीक बारीक ठिपके सांडलेले दिसतात. शिकलेली माणसं त्याला नॉइज म्हणतात. आबासाहेबांना तो शब्द मान्य नाही. नॉइज म्हणजे गोंगाट, गोंगाट कधी डोळ्यांना दिसतो का, असा त्यांचा सवाल असतो. त्यामुळे गावाने त्यांचं नाव रवाआबा ठेवलं, आणि त्यांनीही ते बिनतक्रार वापरात घेतलं.

एसटी स्टँडामागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि वरच्या खोलीत ते एकटे राहतात. वय सत्तरीला टेकलंय. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली आहे, 'येथे चेहरे धुऊन मिळणार नाहीत'. मोबाईलमध्ये एक बटण दाबलं की गालावरचे डाग, सुरकुत्या, तीळ सगळं पुसून जातं, त्या बटणाशी आबांचं हाडवैर आहे. एक गृहस्थ मुलीचा स्थळांना पाठवायचा फोटो जरा उजळ करून मागत होते, त्यांना आबांनी शांतपणे सांगितलं, "साबनाचं दुकान पुढं हाय." गिऱ्हाईक टिकवायची कला त्यांना अशी अवगत असल्यामुळे आता पासपोर्ट फोटोपुरतीच माणसं येतात.

मी हायस्कुलात गणित शिकवते. शाळेच्या ओळखपत्रांच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा सहज विचारलं की हा रवा येतो तरी कुठून. आबांनी डब्यातून मूठभर हरभरे काढले आणि फरशीवर भिरकावले. म्हणाले, "मोजा बाई, कंच्या फरशीवर किती पडले."

भर दुपारी मी पदर खोचून फरशीवर ओणवी. एका फरशीवर पाच, शेजारच्या फरशीवर एक, तिसरीवर काहीच नाही. मग आबांनी सांगितलं की उजेडसुद्धा असाच दाण्यादाण्याने येतो. उन्हात पोत्याने येतो, म्हणून सगळीकडे सारखा पडतो. अंधारात मूठभरच येतो, मग कुठे दोन दाणे, कुठे एकही नाही. त्यालाच आपण रवा म्हणतो. त्यात कॅमेऱ्याची ताकद वाढवली की उजेडाबरोबर ही कमीजास्तीही वाढते. "म्हंजी रवा ही घान न्हाई, बाई. उजेड कमी हुता, त्येची ती खूण हाय."

मॅट्रिकला गणितात दोनदा गचकलेला हा माणूस मला संभाव्यता शिकवत होता आणि ती मला पहिल्यांदा नीट कळत होती. घरी येताना चपलेखाली एक हरभरा अडकलेला निघाला. तो मी टाकला नाही, का ते मला सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी माझी आई गेली. जन्मभर फोटो म्हटलं की पदर तोंडावर घेणारी बाई. वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा कळलं, की भिंतीवर लावावा असा तिचा एकही फोटो नाही. शेवटी माझ्या भाचीने संध्याकाळी स्वयंपाकघरात मोबाईलवर काढलेला एक सापडला. दिवा मंद, चुलीपुढे बसलेली आई, सगळा फोटो करडा आणि ठिपक्याठिपक्यांचा. धाकट्या भावाने तो नगरला नेऊन साफ करून, मोठा करून, चौकट घालून आणला.

दादा, म्हणजे आमचे वडील, ऐंशी पार केलेले, पण शुद्धीत पक्के. त्यांनी चौकट मांडीवर घेतली, चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "ही कोन बाई?"

भाऊ म्हणाला, आई आहे. दादांनी चौकट उलटी करून बाजूला ठेवली. आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. साफ करणाऱ्या यंत्राने तेही कचरा समजून झाडून टाकले होते. सुरकुत्याही गेल्या होत्या. चेहरा असा, की नुकताच इस्त्री करून घडीला लावलाय. दादांनी सांगितलं, हा फोटो ह्या घरात लागणार नाही, पाटावर नुसती सुपारी ठेवा. त्या रात्री ते जेवले नाहीत. आई एकदा गेली होती, ती आता दुसऱ्यांदा जातेय असं मला वाटलं, आणि मी भावावर उगाचच ओरडले.

मंगळवारी सकाळी मी मूळ फोटो घेऊन आबांकडे गेले. त्यांनी तो पडद्यावर मोठा केला आणि हनुवटीपाशी येऊन थांबले. तिथे ठिपके पुष्कळ होते.

"ह्यातलं गोंदन कंचं आन रवा कंचा, हे एका फोटोवरनं देव बी सांगू शकनार न्हाई," ते म्हणाले. "त्याच येळचा दुसरा फोटो हाय का?"

फोटो नव्हता, पण भाचीने त्याच वेळी अर्ध्या-पाऊण मिनिटाचा व्हिडिओ घेतला होता. तिच्याकडून तो मागवला. आबांचे डोळे चमकले. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला पंचवीस-तीस फोटो. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी गेले तर शनिवारी या म्हणाले. सोमवारी वर्षश्राद्ध. शनिवारी मी भांडायच्या तयारीनेच गेले, शाळेतली छडी तेवढी नेली नव्हती.

आबांनी मला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर तो पहिला करडा फोटो आणला. त्यावर व्हिडिओतला दुसरा मिळवला. मग आणखी दोन. त्यांनी एकेक फोटो हाताने सरकवून नाकावर नाक, कानावर कान बसवला होता. मिळवायचे आणि जितके फोटो तितक्याने भागायचं. सरासरी. वीस वर्षं मी ती फळ्यावर शिकवत आलेय.

"रवा दर फोटोत जागा बदलतो," आबा म्हणाले. "गोंदन जागा सोडत न्हाई."

चार फोटो झाले. सोळा झाले. "चारपट फोटो, निम्मा रवा," आबा पुटपुटले, आणि मला वर्गमूळ ऐकू आलं. चौसष्ट झाले, तेव्हा करडं धुकं खाली बसायला लागलं. सगळे उडते ठिपके एकमेकांना खोडत गेले आणि हनुवटीवर तीन ठिपके उरले. डावीकडचा जरा फिका, होता तसाच. मग सुरकुत्या आल्या. मग कपाळावरची लहानपणी पडल्याची खोक आली. कुणी काही काढलं नव्हतं, कुणी काही रंगवलं नव्हतं. जे खरं होतं ते फक्त जागेवर थांबून राहिलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात मला तसं क्वचित होतं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, आई आली की उठावं तशी.

चौकट घरी नेली. दादांनी बराच वेळ पाहिलं, मग हनुवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हां. आता आली." आणि भावाला खिळा ठोकायला सांगितलं.

रविवारी दुपारी मी आबांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला गेले. दादा काय म्हणाले ते सांगितलं. आबांनी मान हलवली, भिंग उगाच पुसलं आणि मग खाली बघून म्हणाले, "बाई, एक कबूल करतो. काम बुधवारीच झालं हुतं."

मला राग येण्याआधी ते पुढे बोलले. व्हिडिओत आई सारखी हलत होती. हलणारा चेहरा एकावर एक बसत नाही. पण भाचीला ती एक प्रश्न विचारते, तीनदा विचारते, आणि प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघत अगदी स्थिर बसते. तेवढेच फोटो कामाचे. ते निवडायला त्यांना तो व्हिडिओ आवाजासकट पुन्हा पुन्हा लावावा लागला.

"काय इचारत्यात, ठावं हाय? 'जेवलीस का गं?'" आबा म्हणाले. "आमची मंडळी जाऊन अकरा वर्सं झाली. ह्या घरात तेवापासून मला कुनी तसं इचारलं न्हाई. काम झालं तरी लावून ठिवायचो. त्या इचारायच्या. मी म्हनायचो, जेवलो."

आईचा तो चेहरा, ज्याच्यापुढे उद्या आम्ही सगळे हात जोडणार होतो, तो सगळाच्या सगळा तिच्या वाट बघण्यातून जमवलेला होता. आणि उत्तर देत होते आबा.

व्हिडिओ आता पुसू का, त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाचं काम झालं की पुसायचा, हा त्यांचा नियम. मी म्हणाले, राहू द्या. मग दारापर्यंत गेले, आणि परत फिरले.

"आबा, आज जेवलात का?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले.

"न्हाई अजून," ते म्हणाले.