मालकाचा रकाना

बायकोसाठी आपण एकदा तरी काहीतरी करावं, असं पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कांना एका मंगळवारी दुपारच्या चहानंतर अचानक वाटलं. असले विचार चहाच्या आधी आले तर चहाबरोबर पोटात जातात आणि जिरतात. चहानंतर आले की त्यांना अडवायला कोणी उरत नाही.

बायको घराच्या मागच्या खोलीत वेताच्या खुर्च्या विणायची. सुरुवात स्वतःच्याच घरातल्या एका बसक्या खुर्चीपासून झाली आणि बघता बघता दवाखाने, वकिलांची ऑफिसं, दोन शाळा तिच्याकडे खुर्च्या पाठवू लागल्या. वीण अशी घट्ट, की एका वकिलांनी तिच्या खुर्चीवर उभं राहून बल्ब बदलला होता (वकील वजनाला तीन आरोपींइतके आहेत, हे लक्षात घ्या). धंद्याला तिने 'वेतबैठक' हे नाव दिलं होतं. हे नाव सुचायला तिला दोन महिने लागले होते. पहिल्या मुलाच्या वेळी दोन दिवसांत काम भागलं होतं.

"लोक विचारतात, इंटरनेटवर काही आहे का म्हणून," ती एकदा वेत भिजत घालताना म्हणाली होती.

तेवढं वाक्य धरून हेडक्लार्क त्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर थेट झेरॉक्सवाल्या मामांच्या दुकानात गेले. मामांकडे झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्टचे फोटो आणि नव्या पाटीप्रमाणे 'डोमेन नोंदणी' मिळायची.

"मामा, हे डोमेन तुम्ही नक्की आणता कुठून?"

"आणतो कुठला साहेब! वर नोंदणी संस्था असते, तिच्या खाली घाऊकवाला, त्याच्या खाली मी. मी विकणाऱ्याचा विकणारा. तुमचं इंटरनेटवरचं नाव संस्थेच्या वहीत चढवून देतो, एवढंच आपलं काम."

"आणि ते शेवटी टिंब देऊन काय लावतात?"

"ते शेपूट. जगाचं घ्या, नाहीतर आपल्या देशाचं घ्या. देशाचं घेतलं की गिऱ्हाइकाला कळतं, बाई इथलीच आहे, भांडायला विमानाने जावं लागणार नाही."

हेडक्लार्कांना देशाचं शेपूट पसंत पडलं. मामांनी फॉर्म पुढे केला. फॉर्म म्हटल्यावर हेडक्लार्कांनी बाह्या सारल्या, कारण हे त्यांचं मैदान. आणि नेमका मैदानातच माणूस पाय मुरगाळून घेतो.

फॉर्ममध्ये तीन रकाने होते. मालक. प्रशासकीय संपर्क. तांत्रिक संपर्क.

आता तुम्ही म्हणाल, यात काय अडायचंय? पण तुम्ही पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढलेली नाहीत. त्या खात्यात मालक म्हणजे नळ ज्याचा तो. नोटीस त्याला जाते, दंड त्याला होतो आणि तोडायची वेळ आली तर नळ त्याचाच तुटतो. आणि प्रशासकीय म्हणजे नोटीस पाठवणारा. एकतीस वर्षांत हेडक्लार्कांनी कुठल्याही कागदावर पूर्ण सही केली नव्हती. कोपऱ्यात एक बारीक वळवळ काढायचे, बस. पूर्ण सही म्हणजे चौकशीला घरचं आमंत्रण, हे त्यांचं तत्त्व. या तत्त्वाच्या जोरावर त्यांच्यावर कधी ठपका आला नाही (कौतुकही आलं नाही, पण ते टपालात हरवलं असावं).

"मालक म्हणून ताईंचं नाव टाकताय ना?" मामांनी विचारलं.

"छे छे! तिला कशाला अडकवायचं? तिला प्रशासकीय करतो. मी तांत्रिक."

"मग मालक?"

"मामा, तुम्हीच का नाही? तुमचं दुकान रस्त्यावर, तुमची पाटी मोठी, नोटीस आली तर तुम्हाला सापडेल तरी."

"अहो साहेब, मालकाच्या जागी ज्याचा धंदा त्याचं नाव घालतात."

"तुम्ही नोकरी केली नाहीत मामा, म्हणून असं बोलता," हेडक्लार्क मायेने म्हणाले. मामांनी आयुष्यात कशाचीच मालकी भोगली नव्हती, दुकानाचा गाळासुद्धा भाड्याचा. ते जरा लाजले आणि म्हणाले, "बरं, टाका."

घरी आल्यावर हेडक्लार्कांनी छाती काढून जाहीर केलं, "तुला प्रशासकीय करून आलोय!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे वरची जागा."

बायकोला बरं वाटलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याने तिला वरची जागा दिली होती.

मामांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून तिच्या खुर्च्यांचे फोटो साइटवर चढवून दिले आणि दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. 'वेतबैठक' आणि मागे देशाचं शेपूट असं लिहिलं की तिच्या खुर्च्या दिसायच्या. मग मोठ्या वाचनालयाचं पत्र आलं. वाचनकक्षातल्या एकशेवीस खुर्च्या नव्याने विणून हव्या होत्या. समिती शुक्रवारी अकरा वाजता बसणार, सगळ्यांसमोर साइट उघडून काम बघणार आणि तिथल्या तिथे ठरवणार. एवढं काम मिळालं तर बायकोला दोन बायका हाताखाली घेता येणार होत्या आणि मागच्या खोलीतून बाहेर पडून खरंखुरं वर्कशॉप थाटता येणार होतं. चार दिवस ती झोपेतही बोटं हलवत होती.

गुरुवारी सकाळी तिने एकदा बघून घ्यावं म्हणून साइट उघडली. आणि किंचाळली.

हेडक्लार्क अर्धी दाढी घेऊन धावत आले. पडद्यावर हिरव्यागार प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'विणायची कटकट नाही. धुवा आणि बसा.'

"अहो, हे काय आहे?"

"खुर्च्याच दिसताहेत," हेडक्लार्क म्हणाले. (हे वाक्य पुढे त्यांना बरीच वर्षं ऐकायला लागलं.)

चौकशीअंती कळलं ते असं. मामा दुकान बंद करून बहिणीकडे कायमचे राहायला निघाले होते. दुकान, झेरॉक्सचं मशीन आणि कॉम्प्युटर त्यांनी शेजारच्या प्लॅस्टिकवाल्या शेठना सामानासकट देऊन टाकलं. शेठनी कॉम्प्युटर चालू केला, त्यात खुर्च्यांचं एक दुकान आयतं मांडलेलं दिसलं. शेठ खुर्च्या विकणारे. त्यांनी आपला माल लावला, झालं.

"पण मी प्रशासकीय आहे ना?" बायको म्हणाली.

"आहेस की."

"मग काढा त्यांना!"

हेडक्लार्कांनी नोंदणी संस्थेला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज ऑफिसातल्या पट्टीसारखा सरळ होता.

"मालक कोण?"

"माझी पत्नी."

"नोंदीप्रमाणे मालक कोण?"

"झेरॉक्सवाले मामा."

"तुमचे सख्खे मामा?"

"नाही, सगळ्यांचेच मामा आहेत ते."

"आणि तुम्ही?"

"मी तांत्रिक."

"तांत्रिक म्हणजे, बिघडलं तर दुरुस्त करणारा. दुरुस्त करता येतं का तुम्हाला?"

हेडक्लार्कांनी घसा साफ केला. "मला पत्र लिहिता येतं."

बायकोने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "ताई, मी प्रशासकीय बोलतेय. आता दुकानाचे मालक ते शेठ झाले, म्हणजे माझं नावही त्यांचं झालं का?"

"अजिबात नाही," बाई पहिल्यांदाच मऊ झाल्या. "दुकान विकलं म्हणून नोंद विकली जात नाही. शेठकडे फक्त किल्ली आहे, घर अजून मामांच्या नावावर आहे. मामांनी लिहून दिलं तर ते तुमच्या नावावर होईल. मामांची सही, ओळखपत्राची प्रत, आणि मूळ अर्ज ज्यांनी भरला त्यांचा खुलासा, स्वतःच्या हातचा. आज संध्याकाळपर्यंत आलं तर सकाळी नोंद बदलेन. पण मामा गेले आणि सापडले नाहीत, तर मग मी काही करू शकत नाही."

मामांची बस साडेअकराची होती.

बसस्टँडवर मामा दोन पिशव्या आणि एक कुंडी घेऊन रांगेत उभे होते. हेडक्लार्कांना अर्ध्या दाढीनिशी पळत येताना बघून त्यांना वाटलं, घरात कोणी गेलं.

"मामा, तुम्ही मालक आहात!" हेडक्लार्क धापा टाकत ओरडले.

"कशाचा?"

"हिच्या नावाचा!"

रांगेतले लोक वळून बघू लागले. बायकोने नवऱ्याला बाजूला केलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. "अहो ताई, मी त्या शेठना सगळं दाखवून दिलं हो. तुमचं त्यात आहे हे डोक्यातूनच गेलं. आणा इकडे, कुठे सही करू?" त्यांनी कुंडी ठेवली आणि तिच्याच कडेवर कागद धरून सही केली.

"आणि ओळखपत्राची प्रत?"

मामांनी खिसे चाचपले. तीस वर्षं गावभराच्या झेरॉक्स काढणाऱ्या माणसाकडे स्वतःची एकही झेरॉक्स नव्हती. बस लागली होती. मामांनी बसकडे बघितलं, ताईंकडे बघितलं आणि पिशव्या उचलल्या. "चला. पुढची दोनला आहे."

आसपास मशीन एकच होतं. मामांचंच. म्हणजे आता शेठचं.

शेठ स्वतःच्या हिरव्या खुर्चीत पाठीला उशी लावून बसले होते.

"या वहिनी! कशी धुता येते बघा, कोपरान् कोपरा."

"शेठ, तुम्ही माझ्या नावावर तुमच्या खुर्च्या लावल्यात."

"तुमचं नाव? मी म्हटलं मामांचं आहे! रिकामं पडलंय, म्हणून आपलं..." शेठ खरोखरच ओशाळले. "दोन दिवसांत एक गिऱ्हाईक आलं नाही त्यावरून. सगळे विचारतात, विणलेल्या कुठायत? घेऊन जा वहिनी तुमचं. फक्त हे मशीन माझ्याच्याने चालत नाही."

मामांनी मशीनच्या कुशीत एक चापटी मारली, तसं ते गुरगुरून उठलं. प्रत निघाली. उरला खुलासा.

हेडक्लार्कांनी सरकारी पद्धतीने लिहिलं, 'सदर रकान्यात सदर नोंद अनवधानाने झाल्याचे दिसून येते.' मामांनी ते पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

"कोणाच्या अनवधानाने?"

"तसं... एकूणच," हेडक्लार्क म्हणाले.

"आणि खाली हे काय आहे? सही आहे की डास मेलाय?"

दुसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, 'अर्जदाराकडून झाली.' पुन्हा फोन. "अर्जदाराला नाव असेल ना?"

घड्याळात एक वाजून गेला होता. मामा दोनच्या बसचा विचार करत कुंडीला पाणी घालत होते. शेठनी हेडक्लार्कांना बसायला हिरवी खुर्ची दिली. बायकोची बोटं हवेत वीण घालत होती, उलटी सुलटी, उलटी सुलटी, आणि थांबत नव्हती. हेडक्लार्कांनी ती बोटं बघितली. मग तिसरा कागद घेतला.

'या अर्जातला मालकाचा रकाना मी चुकीचा भरला. धंदा माझ्या पत्नीचा आहे, नाव तिचं आहे, ते पहिल्यापासून तिचंच होतं. चूक माझी.'

खाली त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि पूर्ण सही केली. करताना मध्येच अक्षरं आठवेनात, म्हणून थांबून खिशातलं ओळखपत्र बघावं लागलं.

"बरोबर आहे?" फोनवर त्यांनी घाबरत विचारलं.

"आता बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

मामांना दोनची बस मिळाली. खिडकीतून हात हलवत ते ओरडले, "ताई, आता मी मोकळा झालो हो!"

शुक्रवारी सकाळी आठला निरोप आला. मालकाच्या रकान्यात बायकोचं नाव होतं आणि सोबत साइटची किल्ली, म्हणजे नवा पासवर्ड. नऊला तिने साइट उघडली आणि लक्षात आलं, की शेठनी आपला माल लावताना जुने सगळे फोटो पुसून टाकलेत. ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. विणलेल्या खुर्च्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचल्या होत्या आणि मागच्या खोलीत नुसते सांगाडे उभे होते.

"अहो!" तिने हाक मारली.

अहो बाहेरच्या खोलीत, कालच्या धावपळीने गळून, वेताच्या मोठ्या खुर्चीत झोपले होते. तोंड उघडं, एक पाय दारात, एक चप्पल हातात, सगळा भार डाव्या बाजूला. खुर्ची मात्र जागची हललेली नव्हती. बायकोने क्षणभर विचार केला आणि फोन काढला. पुढून, मागून, बाजूने, विणीच्या जवळून, असे अकरा फोटो घेतले. साडेदहाला ते चढवले. खाली एवढंच लिहिलं, 'रोजचा वापर.'

पावणेबाराला समितीचं उत्तर आलं. ती एका दमात वाचत गेली. एकशेवीस खुर्च्या तिच्याकडे आल्या होत्या. हेडक्लार्क डोळे चोळत उठले, तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि पत्र वाचू लागले. विणीची मजबुती समितीने समक्ष पाहिली होती. काम पुढच्या महिन्यात सुरू करायचं होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं:

'ता. क. : चित्रातले गृहस्थ खुर्चीबरोबर देण्याची पद्धत असल्यास, आमच्या बाबतीत ते वगळावेत.'

हेडक्लार्कांनी ती ओळ दोनदा वाचली. एकतीस वर्षांच्या अनुभवावरून त्यांना मान्य करावं लागलं, की मसुद्यात एकही चूक नव्हती.