बाळ झोपलंय, बफर चालू ठेवा

चमकण्यासाठी प्रत्येक वस्तूला स्वतःतलं थोडंफार गमवावं लागतं, हे शास्त्रीय सत्य आहे. गाडीच्या बाबतीत हे गमावणं इतकं सूक्ष्म असतं की त्यासाठी विजेवर फिरणारा बफर लागतो. आमच्याकडे तो नवऱ्याच्या वाढदिवशी आला. (भेट त्याने स्वतःच स्वतःला दिली. त्यामुळे आवडली.)

घरगुती पॉलिशची पद्धत शिस्तीची आहे. प्रथम गाडी धुवावी. मग टॉर्च तिरका धरून बॉनेटवर प्रकाश टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. हे दिवसाउजेडी कोणालाही दिसत नाहीत, म्हणूनच ते गंभीर समजावेत. नंतर फोमच्या पॅडवर पॉलिशचे ठिपके घेऊन बफर आडवा-उभा, सावकाश फिरवावा. शेवटी वॅक्स लावावं, धुरकट होऊ द्यावं आणि मऊ फडक्याने पुसावं. पुसल्यावर बॉनेटमध्ये नवऱ्याचा चेहरा दिसतो. तो बराच वेळ तिथेच राहतो.

सदर उपक्रमाला माझा विरोध होता. ओल्या फरशीवरून गेलेली वायर, पॉलिशचा उघडा डबा, आणि दिसेल ते तोंडात घालणारी आठ महिन्यांची मुलगी, अशी कारणं मी तोंडी सादर केली. ही मुलगी झोपत नसे. पाळणा, खांदे आणि सासूबाईंचा गळा ही सर्व साधनं वापरून झाली होती. ("माझा मुलगा असा नव्हता," असं सासूबाई म्हणायच्या. लग्नाआधी नव्हता, हे मलाही मान्य आहे.)

नवऱ्याने बटण दाबलं. घुर्रर्र. मुलगी माझ्या कडेवर होती. तिची मान एकदम माझ्या खांद्यावर पडली. नाकाशी बोट धरून पाहिलं. गाढ झोपली होती.

"बंद करू का?" नवऱ्याने विचारलं.

"हात लावून तर बघ बटणाला," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

तेव्हापासून आमची गाडी रोज चमकते. सकाळी तो, दुपारी मी. डिकीवर सासूबाईंचा हात विशेष बसला आहे. आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाहिला, पण मुलीने आमच्याकडे असं काही बघितलं की पुन्हा धाडस झालं नाही. बफर नुसता हवेत फिरवला तर आवाज पातळ होतो आणि ती डोळे उघडते. खाली गाडी लागतेच.

आमच्या पाहणीनुसार (पाहणारी मी एकटीच) एका दरवाजात मुलीची आठवड्याभराची झोप निघते. गाडी निळी होती. हळूहळू कडांना आभाळी झाली, मग राखाडी.

"अरे, रंग जातोय," मी म्हणाले.

"खोली आलीय त्याला," नवरा म्हणाला.

"टपावर अजून पुष्कळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "पुरवून पुरवून वापरा."

टपही संपला. मुलीचे डोळे पुन्हा टक्क उघडे राहू लागले, आणि आम्हा तिघांचे मिटू लागले. अशा वेळी वरच्या मजल्यावरचे काका देवासारखे भेटले. त्यांची गाडी पांढरीशुभ्र, एकही ओरखडा नसलेली.

"छान ठेवलीय हो," मी म्हणाले, आणि टॉर्च तिरका धरला.

"अरे बापरे!" काका म्हणाले.

संध्याकाळी किल्ली आमच्या घरात होती. आता त्यांची गाडी बरीचशी पत्र्यापर्यंत आली आहे. काका अत्यंत समाधानी आहेत, कारण ओरखडा राहायला रंगच उरलेला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आमचं नाव सुचवतात.

हे लिहिताना मुलगी झोपलेली आहे. (ती जागी असली की मला काळजी वाटते. झोपली की जास्त.) मात्र काकांचा शेवटचा दरवाजा सुरू झाला आहे.

तुमची गाडी चांगली आहे असं तुम्हाला वाटतं. वाटू द्या. फक्त आज अंधार पडला की टॉर्च घेऊन खाली जा, तिरका धरा आणि बॉनेटकडे नीट बघा.

दिसले ना?

रविवारी घेऊन या. आम्ही काही घेत नाही. दारात आल्यावर हॉर्न तेवढा वाजवू नका.