कोर्टात घेतलेला तास

मला वकिलाची गरजच नव्हती. ज्याने जन्मभर पाचवीचा वर्ग एका नजरेत गप्प केला, त्याला एक कोर्ट काय जड जाणार? हे मी घरात इतक्यांदा सांगितलं की शेवटी बायको म्हणाली, "जा बाई एकटेच. पण तिथे कुणाला अंगठे धरायला लावू नका."

प्रकरण साधं होतं. निवृत्त झाल्यापासून मी रोज दुपारी पुढच्या खोलीत मुलांना फुकट गणित शिकवतो. शाळेने ज्यांच्यापुढे हात टेकले ती सगळी रत्नं माझ्याकडे येतात आणि बेंबीच्या देठापासून पाढे म्हणतात. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने दावा लावला, की दुपारी झोप होत नाही, वर्ग कायमचा बंद करा. चांगला धडधाकट माणूस, ऐन दुपारी ताणून देतो आणि वर कोर्टात जातो! हा ऐतखाऊ आहे एवढं सिद्ध केलं की काम फत्ते, असा माझा बेत. हरलो तर मात्र वर्ग संपणार होता. आत्ता कुठे बोटं न मोजता बेरीज करू लागलेली पोरं पुन्हा वाऱ्यावर.

सुरुवात झकास झाली. पुकारा होताच उठलो, बाकांकडे तोंड केलं, घसा साफ केला आणि बोलू लागलो. मंडळी मन लावून ऐकत होती. मागच्या बाकावर दोघे कुजबुजत होते, त्यांना वेगवेगळं बसवलं. तेही बिचारे मुकाट्याने उठले. तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

"गुरुजी, न्यायाधीश इकडे बसतात."

बाक दिसले की तिकडे तोंड करायची सवय, दुसरं काय? मी गर्रकन वळलो. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"माफ करा मॅडम. त्या दोघांना पुन्हा एकत्र बसवू का?"

"ते पुढच्या खटल्यातले वकील आहेत," बाई म्हणाल्या. "राहू द्या तसेच. बरं वाटतंय."

मग शेजारी साक्षीला उभा राहिला. त्याच्या वकिलांनी दोन-चार प्रश्न विचारले, त्याने मान हलवून उत्तरं दिली. आता माझी पाळी.

"तुम्ही दुपारी झोपता?"

"हो सर."

"का?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कान लाल झाले. कठडा असा घट्ट धरून उभा, जसा काही डुलत्या बोटीवरच आहे. इथे मी 'साक्षीदाराकडे उत्तर नाही' म्हणून बसलो असतो तर त्याचा खेळ खलास होता. पण अडलेल्या मुलाला तसंच खाली बसवायचं नाही, हा माझा नेम.

"घाबरू नका," मी म्हणालो. "सावकाश, पहिल्यापासून सांगा. काल संध्याकाळी काय केलंत?"

"कामाला गेलो."

"छान. कुठे?"

"बेकरीत. भट्टीवर असतो मी. रात्रभर पाव भाजतो."

"शाब्बास. पुढे?"

"सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, घरातलं उरकायचं. दुपारी पाठ टेकली की पाढे सुरू."

"मग डोळा कसा लागणार?"

"नाहीच लागत सर. परवा कामावर पेंग आली आणि हात भट्टीला लागला." त्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी.

"अरेरे! मॅडमना दाखवा, नीट दाखवा. अहो, मला येऊन आधी का नाही सांगितलंत?"

"आलो होतो की. तुम्ही म्हणालात, उशीर झालाय, मागे बसा. अपूर्णांक चालू होते."

"मग?"

"मग बसलो. तास संपेपर्यंत उठायची हिंमत झाली नाही."

सगळं कोर्ट हसलं. त्याचे वकील उठले आणि मला चक्क नमस्कार करून म्हणाले, "मॅडम, मला आणखी काही विचारायचं नाही. आमची बाजू सरांनीच मांडली. मला इतकी चांगली जमली नसती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पट्टी पाहिल्यावर खोटं बोलायची तर सोयच नव्हती.

"मॅडम," मी म्हणालो, "यांचं बरोबर आहे."

बाईंनी शेजाऱ्याला विचारलं, "वर्ग बंदच हवा का तुम्हाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बंद कशाला मॅडम? पाचपर्यंत झोप मिळाली की झालं."

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"गुरुजी, पाचनंतर जमेल?"

"न जमायला काय झालं? पोरं तोवर खेळतील. त्यांची तर चंगळ!"

तडजोड नोंदवली गेली. निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी वकील घ्या. दर वेळी असा शेजारी मिळत नाही." मी मनापासून हात जोडले, आधी बाईंना आणि मग त्याला. वर्ग वाचला तो माझ्या हुशारीने नव्हे, त्या भल्या माणसामुळे.

दुसऱ्या दिवशी पाचला दारात शेजारी उभा. डोळे चोळत, पण चेहरा ताजातवाना.

"कामाला जायला वेळ आहे सर. ते अपूर्णांक राहिलेत माझे. पिठाच्या मापाला लागतात."

"बसा," मी म्हणालो. तो मागच्या सतरंजीवर जाऊन बसला.

पुढच्या रांगेतल्या चिमुरडीने विचारलं, "सर, कोर्टात आपण जिंकलो?"

मी घाईघाईने फळ्याकडे वळलो. "वह्या काढा."

तेवढ्यात मागून एक हात वर झाला, पट्टी बांधलेला.

"सर, मी सांगू?"